जुन्या यादीतले अकरा पत्ते

उपेंद्र खांबेट्यांबद्दल लिहायचं तर आधी मला स्वतःला चार शिव्या घालून घ्यायला हव्यात. घालणार आहे, पण सवडीनं. आधी माणूस कसा होता ते सांगतो.

खांबेटे मूळचे गुहागरचे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. ब्याण्णव साली दुबईला आले आणि चार वर्षं तिथल्या देरा भागात एका खोलीत सहाजणांबरोबर राहिले. दिवसा ट्रेडिंगवाल्यांच्या ऑफिसांतले इंटरकॉम दुरुस्त करायचे, आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर फुकट यायच्या त्या सीडी गोळा करायचे. एका सीडीवर लिनक्स निघालं. खोलीत ज्याचा कॉम्प्युटर होता त्याला शुक्रवारी मटण करून खायला घालायचं आणि बदल्यात दुपारभर मशीन वापरायचं, असा त्यांचा करार होता. डिग्री नाही, क्लास नाही, कुणी सांगायला नाही. सहा वर्षांत हा माणूस असा तयार झाला, की पुण्याहून इंजिनियर होऊन आलेल्या आमच्यासारख्यांना त्यांच्यासमोर कीबोर्डला हात लावायची भीती वाटायची.

म्हणजे देवमाणूस वगैरे होते असं समजू नका. अत्यंत तिरसट. कुणाच्या कोडमध्ये चूक सापडली की दिवसभर खूश. "कोणी लिहिलंय हे? हात धुऊन लिहिलं होतं का?" असं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायचे. कौतुक करायचं झालं तर "ठीक" म्हणायचे. हा "ठीक" मला तीन वर्षांत दोनदा मिळाला.

आमचं ऑफिस देरात क्लॉक टॉवरच्या जवळ, खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान, वर आम्ही. कंपनी इमारतींसाठी फायर अलार्मची पॅनल बनवायची. लॉबीत भिंतीवर लाल डबा असतो ना, तो. वरच्या मजल्यावर कुठे धूर झाला की त्या डब्याला कळायला हवं आणि त्यानं लगेच सायरन वाजवायला हवा. तो वाजतो का आणि किती वेळात वाजतो, हे तपासायचं काम खांबेट्यांचं. त्यांच्या सहीशिवाय एकही पॅनल बाहेर जात नसे. मी त्यांच्या हाताखाली होतो. निनाद बर्वे, वय सत्तावीस, नुकतंच लग्न झालेलं, बायको अजून पुण्याला.

आता थोडं मशीनच्या पोटातलं सांगावं लागेल. कंटाळा करू नका, सगळी भानगड तिथंच झाली आहे.

आमच्या पॅनलच्या आत लिनक्स होतं. त्याचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नलमध्ये हजारो छोटी छोटी कामं असतात, ज्यांना आम्ही फंक्शन म्हणतो, आणि प्रत्येकाला नाव असतं. पण नाव आपल्यासाठी. मशीनला लागतो मेमरीतला पत्ता, सी-झीरोनं सुरू होणारा आठ अक्षरांचा आकडा. कर्नल तयार केला की त्याच्याबरोबर सिस्टीम मॅप नावाची एक लांबलचक फाइल तयार होते. कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर, हे तिच्यात ओळीनं लिहिलेलं असतं. खांबेट्यांनी टेस्टसाठी जो कोड लिहिला होता तो ट्रेसिंगचा, म्हणजे पाळत ठेवायचा. सायरन वाजवणाऱ्या फंक्शनच्या पत्त्यावर तो पहारा बसवायचा. धुराचा सिग्नल कधी आला आणि फंक्शन कधी सुरू झालं, यातलं अंतर मोजायचा. गोम एवढीच, की पहारा नावावर बसत नाही, पत्त्यावर बसतो. आणि नवा कर्नल बनवला की पत्ते सरकतात. देरातल्या खोल्यांसारखंच. खोलीचा नंबर तोच, पण आत राहणारा दुसराच.

म्हणून खांबेट्यांचा नियम होता: नवा कर्नल, नवी यादी. मॅपची पानं छापून घ्यायची, त्यावर लाकडी पट्टी ठेवायची आणि लाल पेननं एकेका नावापुढचा पत्ता टिपायचा. एकूण अकरा. मग ती यादी तारीख घालून सॉफ्टबोर्डवर लावायची आणि जुनी स्वतःच्या हातानं फाडायची. या सगळ्याला वीस मिनिटं लागायची. मी एकदा म्हटलं, "काका, याची स्क्रिप्ट लिहू का? मशीनच शोधेल पत्ते."

"लिही ना. आणि ती चुकली तर बघायला कोण, तुझा सासरा?"

झालं, सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी तो विषय सोडला. पुढे मी ती स्क्रिप्ट लिहिलीच. बारा ओळींची झाली, अर्ध्या तासात. ती आधी लिहिली असती तर, असा विचार माझ्या मनात येतो तेव्हा मी उठून चहा करतो.

दोन हजार दोनच्या डिसेंबरमधली गोष्ट. नुकतीच ईद झाली होती. एका मोठ्या इमारतीचं काम मिळायच्या बेतात होतं आणि शनिवारी त्यांच्या कन्सल्टंटसमोर डेमो होता. आमचा मॅनेजर चारुदत्त. आपलाच, डोंबिवलीचा. पण दुबईत दोन वर्षं काढल्यावर त्याला मराठी फक्त शिव्या देताना आठवायचं. एरवी सगळं "लेट्स क्लोज इट, यल्ला यल्ला", म्हणजे चला, लवकर. अरबाब, म्हणजे कंपनीचा मालक, महिन्यातून एकदा यायचा. बाकी राज्य चारुदत्तचंच.

खांबेट्यांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती: मार्च. त्यांची मुलगी मैथिली बारावीला होती. मुलगी हुशार, तिला मेडिकलला जायचं होतं. आईचा आणि मुलीचा व्हिसा खांबेट्यांच्या नोकरीवर. परीक्षा झाली की मुलीला घेऊन परत जायचं, गुहागरला घर आहे, बास झाली दुबई, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "मार्चपर्यंत तोंड मिटून काम करायचंय मला," असं ते म्हणायचे आणि दहा मिनिटांत कुणावर तरी ओरडायचे.

बुधवारी संध्याकाळी चारुदत्तनं कर्नलमध्ये एक बदल केला. आधीच्या एका साइटवर शिगरेटच्या धुरानं सायरन वाजून तक्रार आली होती, म्हणून यानं एक फिल्टर घातला: धुराचा सिग्नल आला की लगेच वाजवायचं नाही, थोडं थांबून पुन्हा पुन्हा बघायचं, खरंच धूर असला तरच वाजवायचं. कल्पना वाईट नव्हती. पण किती वेळ थांबायचं तो आकडा त्यानं घाईत चुकवला, आणि टेस्टिंगला सांगितलंच नाही. गुरुवारी सकाळी मला म्हणाला, "कर्नलचं नवीन बिल्ड टाकलंय. काही नाही रे, फक्त स्क्रीनवरचा एक मेसेज बदललाय. टेस्ट मारून रिपोर्ट दे, दोनच्या आत."

शुक्रवार सुट्टीचा, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस ऑफिस. त्याच दुपारी साडेतीनच्या विमानानं विनिता येणार होती, माझी बायको, लग्नानंतर पहिल्यांदा. मी नवा शर्ट घालूनच ऑफिसला आलो होतो. आणि खांबेटे सकाळभर कॉन्सुलेटमध्ये, मुलीच्या पासपोर्टच्या कामाला.

मला माहीत होतं. नवा कर्नल मीच पॅनलमध्ये भरला, मग नवी यादी हवी हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण सॉफ्टबोर्डवर मंगळवारची यादी समोर होती. लाल पेन, सुबक अक्षर, अकरा पत्ते. मेसेज तर बदललाय, त्यानं काय सरकणार आहे? मी तेच अकरा पत्ते टेस्टमध्ये घातले आणि टेस्ट चालवली. सगळ्या पास. सायरनचं फंक्शन सिग्नल आल्याबरोबर सुरू झालं, असं स्क्रीननं सांगितलं.

दीड वाजता खांबेटे घामाघूम होऊन आले. रिपोर्ट हातात घेतला.

"यादी नवी ना?"

"हो काका."

तीन वर्षांत त्यांनी माझं एकही काम पट्टी लावल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं, माझा नवा शर्ट बघितला आणि पेन काढलं. "जा आता. पोरगी पहिल्यांदा येतेय, एअरपोर्टवर ताटकळत ठेवू नकोस. शारजाच्या बाजूनं जाऊ नको, ट्रॅफिक आहे." आणि सही केली. आयुष्यात त्या माणसानं एकदा माणुसकी दाखवायची ठरवली, आणि तीही माझ्यावर!

शनिवारी डेमो. कन्सल्टंटनं स्वतः डिटेक्टरखाली कागद पेटवून धरला. धूर वर गेला. सायरन वाजेना. कागद जळून त्याच्या बोटांपर्यंत आला, त्यानं तो टाकून बुटानं विझवला, दुसरा पेटवला, आणि तोही अर्धा जळाल्यावर सायरन बोंबलला. चाळीस सेकंद. इमारतीत चाळीस सेकंदांत काय काय होऊ शकतं हे त्यानं आम्हाला शांतपणे सांगितलं आणि तो निघून गेला. काम गेलं.

ऑफिसला आल्यावर खांबेट्यांनी कुणाशी न बोलता मॅप छापला आणि पट्टी ठेवली. मी माझ्या खुर्चीत बसून बघत होतो. पाचेक मिनिटांत त्यांनी हाक मारली.

"हे बघ. चारुदत्तनं फिल्टर घातलाय, तो बरोबर सायरनच्या फंक्शनच्या आधी. त्यामुळे फिल्टर आलाय जुन्या पत्त्यावर आणि सायरनचं फंक्शन सरकलंय पुढं. यादीतले बाकीचे दहा त्याच्या आधीचे, ते जागचे हललेच नाहीत. तुझा पहारा फिल्टरच्या दारात बसला होता. धूर आला की फिल्टर लगेच उठतोच. म्हणून पास. पत्ता भलतीकडे पडला असता तर मशीन कोसळलं असतं, निदान कळलं तरी असतं." मग पट्टी बाजूला ठेवून म्हणाले, "यादी नवी आहे म्हणालास."

"चारुदत्त सर म्हणाले की फक्त मेसेज..."

"मी यादीचं विचारलं होतं. सरांचं नाही."

त्यांनी मॅपची पानं गोळा केली. मग म्हणाले, "उद्या दहाला मीटिंग आहे." आणि जेवायचा डबा घेऊन निघून गेले. त्याचा अर्थ मला स्वच्छ कळला होता, मी काही दूधखुळा नव्हतो. बोलायला मला एक दिवस दिला होता.

घरी विनिता पडदे लावत होती. तिला म्हटलं डेमो ठीक झाला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला आम्ही चौघं. चारुदत्त, खांबेटे, मी, आणि इद्रीस, कंपनीचा पीआरओ, व्हिसाचे कागद करणारा. इद्रीसला बोलावलंय म्हटल्यावर काय होणार ते ठरलेलंच होतं, फक्त कुणाचं होणार एवढंच बाकी होतं.

"रिपोर्टमध्ये पास लिहिलंय," चारुदत्त म्हणाला. "हाऊ?"

"ट्रेस चुकीच्या पत्त्यावर बसला. कर्नल बुधवारी बदलला आणि यादी मंगळवारची होती," खांबेटे म्हणाले. "कर्नल बदलला हे टेस्टिंगला कुणी कळवलं होतं?"

"दॅट्स नॉट द पॉइंट. जुनी यादी वापरली कोणी?"

आता खरं सांगतो. खांबेट्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते टेबलावरच्या टिशूच्या डब्याकडे बघत होते. मला फक्त "मी" म्हणायचं होतं. एक अक्षर! माझ्या डोक्यात विनिता आली, तिचे पडदे आले, पुण्यात सगळ्यांना वाटलेले पेढे आले. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

"सही माझी आहे," खांबेटे म्हणाले.

"देन इट्स ऑन यू," चारुदत्त म्हणाला. त्याला तेच हवं होतं. फिल्टर त्याचा, आकडा त्यानं चुकवलेला, न सांगता बिल्ड टाकणारा तो, आणि चौकशी करणाराही तोच. अरबाबला आणि क्लायंटला दाखवायला एक नाव हवं होतं, ते मिळालं.

मग खांबेटे तिरसटपणा सोडून बोलले, आणि ते ऐकणं मला सगळ्यांत जड गेलं. "चारुदत्तसाहेब, एकच करा. व्हिसाचं कॅन्सलेशन मार्चअखेर टाका. मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, सेंटर इथंच आहे. पगार देऊ नका. मी रोज येईन, सांगाल ते काम करीन."

चारुदत्तला मी कधी मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. पण म्हणाला तेच, "क्लायंटला दाखवायला लागतं. आय ॲम सॉरी." इद्रीसनं फाइल बंद केली. "खलास, हबीबी," तो हळूच म्हणाला. तीस दिवसांत देश सोडायचा.

मी जिन्यात त्यांच्या मागे धावलो. "काका, तुम्ही माझ्यासाठी..."

ते वळले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्यासाठी? तुझ्यासाठी मी काय म्हणून करीन रे? न बघता सही केली ती माझी चूक, ती मी घेतली. तुझी तुझ्याकडे आहे. ती माझ्या डोक्यावर उपकार म्हणून टाकू नकोस."

मलाही राग आला, अगदी खरा राग. मनात म्हटलं, एवढं होतं तर बोलायचं ना तिथं! बोट दाखवायचं, थोबाडीत मारायची! हा कसला आडमुठेपणा, की मुलीचं वर्ष घालवीन पण दुसऱ्याचं नाव घेणार नाही? आजही मला त्या माणसाचा राग येतो. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी सुटलो असतो.

जायच्या आदल्या शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या फ्लॅटवर सामान बांधायला गेलो. ऑफिसमधून दुसरं कुणी आलं नव्हतं. दारात प्रभावतीकाकू, खांबेट्यांची बायको. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. "तू तरी आलास हो निनाद. बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली." मला हात धरून आत नेलं, आधी पोहे खा म्हणाल्या. मी खाल्ले. सगळी बशी संपवली.

मैथिली बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून पुस्तकांचं खोकं भरत होती. गुहागरजवळच्या कॉलेजात तिला पुढच्या वर्षी पुन्हा बारावीला बसावं लागणार होतं. दुबईतल्या सगळ्या मुलांसारखी तीही मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची.

"अंकल, कॅन आय आस्क यू समथिंग?" ती म्हणाली. "बाबा वोन्ट टेल मी. आई सेज ही मेड अ मिस्टेक."

"हं."

"बट बाबा डझन्ट मेक मिस्टेक्स विथ दोज ॲड्रेसेस. नेव्हर. लहान असताना ही मेड मी होल्ड द रूलर." मग तिनं मान वर केली आणि एकदम सरळ, स्वच्छ मराठीत विचारलं, "तुम्ही त्यांच्या शेजारी बसता ना? खरंच त्यांनी चूक केली?"

इथं नोकरी नव्हती. चारुदत्त नव्हता, इद्रीस नव्हता, माझा व्हिसा कुणी काढून घेणार नव्हतं. खरं सांगून माझं काहीही जाणार नव्हतं, फक्त एका सतरा वर्षांच्या मुलीनं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

"हो ग," मी म्हणालो. "झाली त्यांच्याकडून चूक. माणूस आहे, होतं कधीकधी."

मागे पाहिलं तर आतल्या खोलीच्या दारात खांबेटे उभे होते, हातात चिकटपट्टीचं रीळ. सगळं ऐकलं होतं त्यांनी. वाटलं, आता ते रीळ डोक्यात घालतील. घालावं, असं मनापासून वाटलं.

ते मुलीला म्हणाले, "मिळालं उत्तर? चल, खोकं बंद कर."

"ओके," मैथिली म्हणाली. "थँक्यू, अंकल." आणि तिनं वडिलांकडे न बघता त्यांच्या हातातून चिकटपट्टी घेतली. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला होता.